सूचीत 'दुःख' दोनदा का आलं? अक्षर म्हणजे त्याचा आकार, की आणखी काही?

वेलांटी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एका पुस्तकाच्या शेवटी द्यायची शब्दसूची करण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. मजकूर चार जणांनी टंकला आहे, प्रत्येकाने आपापल्या कीबोर्डवर. सगळ्या फायली एकत्र केल्या, शब्द सुटे काढले, छोट्या प्रोग्रामने क्रमाने लावले आणि यादी वाचायला बसले. द च्या पानावर हे दिसलं:

दु:ख
दुंदुभी
दुःख
दुकान

'दुःख' दोनदा, आणि मध्ये दुंदुभी. वाटलं एकाच्या पुढेमागे मोकळी जागा राहिली असेल. पाहिलं, तसं काही नव्हतं. पुढे व वर आले तर 'वार्‍यावर' आणि 'वाऱ्यावर' एकाखाली एक. 'अॅसिड' अ मध्ये नीट बसलेलं, पण दुसरं 'ॲसिड' थेट ह च्याही खाली, यादीच्या तळाशी.

डोळे फाडफाडून पाहिलं. वाऱ्यावर आणि ॲसिडच्या जोड्यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. दुरुस्ती कशी करायची ते हवंच आहे, पण त्याहून मोठा प्रश्न मनात रुतून बसलाय. मला जे दिसतं ते सारखं असूनही अक्षर वेगळं असू शकत असेल, तर अक्षर म्हणजे नेमकं काय?

रफार | सोमवार, रात्री १०.१५

दुःखाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. पहिल्यात विसर्ग नाही, अपूर्णविराम आहे. तोच, ज्याला सगळे कोलन म्हणतात. ज्याला कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही त्याने दोन टिंबं दिसणारी जवळची कळ दाबली. संगणकाच्या दृष्टीने तिथे 'दु' हा शब्द संपला, विरामचिन्ह आलं आणि मग 'ख' सुरू झाला. संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो आणि तुमच्या प्रोग्रामने त्याच क्रमाने यादी लावली. कोलनचा क्रमांक देवनागरीच्या सगळ्या चिन्हांच्या आधी येतो, म्हणून तो दु:ख वर गेला. अनुस्वार विसर्गाच्या एक क्रमांक आधी आहे, म्हणून मध्ये दुंदुभी. यादीने तिच्याकडून काही चूक केलेली नाही.

अॅसिडचं असं की 'अ' वर वेगळी चंद्रकोर ठेवली तर ती दोन चिन्हं झाली, आणि 'ॲ' हे एकसंध चिन्हही आहे. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली आलं, तोवर तक्त्यातल्या आधीच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून त्याला ह च्या पुढचा क्रमांक मिळाला. हिंदीतला 'ऍ' तिसराच. तिन्हींचा उच्चार एक, पहिल्या दोघांचं रूपही एक.

आता मोठा प्रश्न. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तेव्हापासून त्यामागचं तत्त्व असं आहे की क्रमांक द्यायचा तो अक्षरचिन्हाला, त्याच्या आकृतीला नाही. आकृतीला ग्लिफ म्हणतात आणि ती फॉन्टच्या ताब्यात असते. फाइलमध्ये आकृती साठवलेली नसतेच. फाइलमध्ये असतो फक्त क्रमांकांचा एक सर. ०९३२ म्हणजे ल. तो बारीक काढायचा, जाड काढायचा की वळणदार, हे पडद्यावर उमटताना ठरतं.

र घ्या ना. क्रमांक एकच, ०९३०. पण 'अर्क' मध्ये तो क च्या डोक्यावर जातो, 'क्रम' मध्ये पोटात तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र' मध्ये ट च्या पायाशी छपरासारखा बसतो, आणि 'रस' मध्ये आपल्या मूळ रूपात उभा असतो. चार आकृत्या आणि अक्षर एक. कुणाही मराठी मुलाला विचारा, तो चारही ठिकाणी र च म्हणेल.

उभी_रेघ | सोमवार, रात्री ११.०५

रफार, तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. ध आणि घ मध्ये फरक कशाचा आहे? ध च्या डोक्याशी एक गाठ आणि शिरोरेघेत एक खंड. संपलं. भ आणि म चं तेच. म्हणजे आकार थोडासा हलला की अक्षर बदलतं. मग आकार हेच अक्षर, असं का म्हणू नये? लिहिताना आपल्याकडे आकाराखेरीज दुसरं आहेच काय?

जुळारी | मंगळवार, सकाळी ६.३०

मी छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे सुटे ठसे, जुळवलेत. पोटापाण्यासाठी, बरीच वर्षं. त्यामुळे उभी_रेघ यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर हातातून आलेलं आहे, पुस्तकातून नाही.

खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, खण असत आणि प्रत्येक खणात एका आकाराचे खिळे. तिथे र नावाची एक गोष्ट नव्हती. पूर्ण र चा खण वेगळा, रफाराचा वेगळा, क्र आख्खा ओतलेला वेगळा. अर्धा ग, पूर्ण ग, वेगवेगळे. म्हणून देवनागरीला शेकडो खण लागत, आणि नव्या मुलाचे पहिले काही महिने ते खण पाठ करण्यात जात. खिळा म्हणजे निव्वळ आकार. आज तुम्ही ज्याला ग्लिफ म्हणता तो आम्ही चिमटीत धरलेला आहे.

आता ऐका. ध चा खिळा वापरून वापरून झिजतो. त्याची गाठ भरते, शिरोरेघेतल्या खंडात शाई साचते, आणि कागदावर तो हुबेहूब घ उमटतो. 'मुलगा घावत आला' असं छापून येतं. वाचणारा काय वाचतो? 'धावत'. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मुद्रितशोधकाला आलं तर तो समासात 'खिळा बदला' अशी खूण करी. 'अक्षर बदला' अशी खूण वेगळी होती, ती मी खरोखर घ च्या खणात हात घातला असेल तेव्हाची. कागदावर दोन्ही चुका सारख्याच दिसत. पण एकीत अक्षर बरोबर होतं आणि आकार बिघडलेला, दुसरीत आकार धडधाकट होता आणि अक्षर चुकलेलं.

वापरून झालेले खिळे परत खणात टाकताना तर हे फारच जाणवायचं. झिजलेला ध ज्याला ओळखता येत नसे तो त्याला घ च्या खणात टाकायचा, आणि मग पुढच्या पानावर खरी चूक जन्माला यायची.

वेलांटी | मंगळवार, सकाळी ८.१०

जुळारीकाका, समासातल्या त्या दोन खुणांबद्दल मनापासून आभार. माझ्या यादीतल्या 'दु:ख'ला मी आतापर्यंत झिजलेला खिळा समजत होते. तो चुकीच्या खणातला निघाला.

उभी_रेघ | मंगळवार, सकाळी ९.००

काका, हे मान्य. माझा मुद्दा मागे घेतो, निदान अर्धा. म्हणजे आकारात फरक किती आहे याला महत्त्व नाही, तो फरक शब्द बदलतो का याला आहे. 'धाव' आणि 'घाव' हे दोन शब्द आहेत, म्हणून ती गाठ महत्त्वाची.

उलट ल पाहा. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला दंडाला टेकलेला. श चंही तसंच, आपला देठाचा, त्यांचा गाठीचा. या आकृत्यांत ध-घ पेक्षा कितीतरी जास्त अंतर आहे. पण एक ल काढून दुसरा घातला म्हणून मराठीत एकही नवा शब्द तयार होत नाही. तेव्हा ते एकच अक्षर. बरोबर समजलो का?

रफार | मंगळवार, सकाळी ९.४५

अगदी बरोबर. आणि म्हणूनच मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच क्रमांक आहे. मराठी रूप हवं असेल तर मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं, आणि फॉन्टमध्ये ते रूप काढून ठेवलेलं असावं लागतं. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये निर्णय काढून अक्षरांची वळणं ठरवून दिली, पण त्यामुळे क्रमांक बदलले नाहीत. बदलायचे होते फॉन्ट.

मला स्वतःला मराठी पानावर हिंदी वळणाचा ल खुपतो. ती आपल्या हाताची सवय आहे आणि ती जपली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी ल ला वेगळा क्रमांक मागणारे लोक भेटतात तेव्हा मी कळकळीने विरोध करतो. तसं झालं तर 'कमल' हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जाईल आणि एक शोधताना दुसरा सापडणार नाही. वेलांटी यांच्या सूचीत जे चार-पाच शब्दांचं झालंय ते ल असलेल्या प्रत्येक शब्दाचं होईल.

अवग्रह | मंगळवार, दुपारी १.२०

शब्द बदलतो की नाही, ही कसोटी चांगली आहे, पण ती एका लिपीच्या आत चालते. लिपीबाहेर गेलं की अडतं. रोमन बी, ग्रीक बीटा आणि रशियन व्हे यांची मोठी अक्षरं शेजारी ठेवा. तिन्ही एकसारखी, एक उभी रेघ आणि दोन पोटं. कुठल्याही शब्दात त्यांची आपसात टक्कर होत नाही, कारण ती एका शब्दात येतच नाहीत. तरी युनिकोडने तीन क्रमांक दिले.

कारण त्यांना लहान करून पाहा. रोमन बी चं लहान अक्षर उभ्या दांड्याचं, ग्रीक बीटाचं शेपटी खाली सोडणारं, आणि रशियनचं म्हणजे मोठ्याचीच बुटकी प्रत. तिघांना एकच क्रमांक दिला असता, तर 'हे लहान अक्षरात लिही' असं सांगितल्यावर संगणकाने कुठलं काढायचं? उच्चारही वेगळे, रशियनचा तर व आहे. तेव्हा अक्षर कसं वागतं, कुणाशी नातं सांगतं, क्रमात कुठे बसतं, हे सगळं त्याच्या ओळखीत येतं.

याचा गैरफायदाही घेतला जातो. रोमन ए च्या जागी रशियन अ घालून ओळखीच्या संकेतस्थळासारखाच दिसणारा पत्ता तयार करतात आणि लोकांना फसवतात. डोळ्याला एकच पत्ता दिसतो, इंटरनेटच्या जाळ्याला दोन.

अरबीत याच्या उलट. तिथे एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि सुटं असताना वेगवेगळा आकार घेतं, आणि क्रमांक मात्र एक. आपल्या र सारखंच, फक्त तिथे जवळजवळ आख्खी लिपीच तशी.

मोडीवाचक | मंगळवार, दुपारी ३.५०

अवग्रह यांनी लिपीची हद्द म्हटली म्हणून लिहितो. ही हद्द नेहमी इथेच होती असं समजू नका.

युनिकोडच्या आधी भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक होतं. १९८८ ची आवृत्ती, मग १९९१ ची. त्यात देवनागरी क, बंगाली क आणि गुजराती क यांना एकच क्रमांक होता. कुठल्या लिपीत दाखवायचं ते वेगळ्या खुणेने सांगायचं. म्हणजे इस्की करणाऱ्यांच्या मते 'क' हे एकच अक्षर आणि लिप्या ही त्याची वस्त्रं. विचार केला तर यात फार मोठी गोष्ट आहे, कारण आपली वर्णमाला खरोखरच सामाईक आहे.

युनिकोडने उलट ठरवलं. प्रत्येक लिपीला वेगळं घर. पण जुन्या नात्याची खूण राहिली. देवनागरी क चा क्रमांक ०९१५, बंगाली क चा ०९९५. हे आकडे दहाच्या नव्हे, सोळाच्या पटीत मोजायचे असतात, त्या हिशेबाने दोघांत आठ गुणिले सोळा, म्हणजे १२८ चं अंतर. ख-ख मध्येही १२८, ग-ग मध्येही १२८. घरं वेगळी झाली पण खोल्यांची रचना तीच ठेवली.

मी मोडी कागद वाचतो. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. मोडीत लिहिलेली भाषा तीच मराठी, तरी तिचा क वेगळा. मला ते योग्य वाटतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी लिहिताना वेगळी ठेवत नाहीत. जुन्या पत्रातला एक शब्द देवनागरीत उतरवताना वेलांटी पहिली की दुसरी, हे मला ठरवावं लागतं, कागद ते सांगत नाही. जी लिपी एक भेद पाळतच नाही तिची अक्षरं आणि जी पाळते तिची अक्षरं एक कशी म्हणायची? मी जेव्हा मोडीतून देवनागरीत आणतो तेव्हा कपडे बदलत नाही, लिप्यंतर करतो, आणि त्यात माझा निर्णय असतो.

आणखी एक, वेलांटीताईंच्या कामाचं. सावरकरांनी लिपीसुधारणेत अ ची बाराखडी मांडली होती. इ ऐवजी अि, उ ऐवजी अु, ए ऐवजी अे. त्या काळच्या छापील मजकुरात 'अितिहास' असं दिसतं. तुमच्या पुस्तकात असे उतारे असतील तर ते सूचीत कुठे जाणार? वाचणाऱ्याच्या दृष्टीने अि आणि इ एकच, युनिकोडच्या दृष्टीने दोन.

वेलांटी | मंगळवार, संध्याकाळी ५.१५

आहेत! तीन उताऱ्यांत आहेत. काल त्यांना मी चुका समजून लाल केलं होतं. बरं झालं सांगितलंत.

स्पर्श | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

मी हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतो आहे. मला दिसत नाही, जन्मापासून. त्यामुळे अक्षराचा आकार ही गोष्ट माझ्यासाठी फक्त ऐकीव आहे. ध ची गाठ काय असते ते मला आज काकांच्या पोस्टवरून कळलं.

पण अक्षर मला चांगलं माहीत आहे. 'दु:ख' कोलन घालून लिहिलं की माझा रीडर 'दु' म्हणून थांबतो आणि मग वेगळाच 'ख' म्हणतो. विसर्गाने लिहिलं की शब्द नीट कानावर येतो. तुम्हाला जे सारखं दिसतं ते मला पहिल्यापासून वेगळं ऐकू येतं. अवग्रहाच्या चिन्हाच्या (ऽ) जागी रोमन एस टाकणारे लोक आहेत, दंडाच्या जागी उभी रेघ टाकणारे आहेत. तुमचे डोळे त्यांना माफ करतात. माझं वाचन तिथे अडखळतं. टंकताना चार सेकंद जास्त घेऊन योग्य चिन्ह शोधा, एवढी विनंती मला खरंच करायची आहे.

ब्रेलचं सांगतो. सहा टिंबांच्या चौकटीत मी क वाचतो तो तुमच्या क सारखा अजिबात नाही, तरी तो क च आहे. आणि क्ष ची गंमत अशी की ब्रेलमध्ये त्याला स्वतःची एक चौकट आहे, ज्ञ लाही आहे. युनिकोडमध्ये मात्र क्ष म्हणजे क, हलन्ताची खूण आणि ष, अशी तीन चिन्हं. शाळेतल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात तो पुन्हा एक. मग क्ष हे एक अक्षर आहे की नाही? मला वाटतं याचं उत्तर कुठल्या पद्धतीत विचारता यावर आहे, आणि तिन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत.

रफार | मंगळवार, रात्री ९.१०

स्पर्श, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कोलनबद्दल मी शोधासाठी भांडत होतो, तुम्ही त्याहून मोठं कारण दिलंत.

क्ष वरून एक करून पाहण्यासारखं सांगतो. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये 'क्षत्रिय' लिहा. डोळ्याला तीन अक्षरं: क्ष, त्रि, य. आता शेवटी जाऊन मागे खोडायची कळ एकेकदा दाबा. बहुतेक ठिकाणी आधी य जातो. मग वेलांटी जाते आणि 'क्षत्र' उरतं. मग र जातो, आणि त च्या पायाला हलन्त लटकलेला दिसतो. एकूण आठ वेळा दाबावं लागतं, कारण चिन्हं आठ आहेत. आणि वेलांटी त्रि च्या डाव्या बाजूला दिसत असली तरी साठवलेली र च्या नंतर आहे, जशी आपण उच्चारतो तशी. मोबाइलवरच्या साध्या संदेशात मराठीची मर्यादा ७० चिन्हांची असते, त्यात 'क्षत्रिय' आठ खातो तोही यामुळेच.

आता वेलांटींचा 'वाऱ्यावर'. हा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण इथे आपली सगळी मांडणी हलते.

मी काल र ची चार रूपं सांगितली. पाचवं सांगितलं नाही: 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला तो आडवा, पापणीसारखा र. कालच्या न्यायाने तोही र चं रूप, फॉन्टचा प्रश्न. पण उभी_रेघ यांची कसोटी लावा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना म्हणजे गुरुजनांना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. पहिल्यात र मुळे मागच्या चा वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. शब्द बदलला! म्हणजे मराठीपुरती ही दोन वेगळी चिन्हं मानावी लागतात. संस्कृतात आणि हिंदीत हा भेद नाही, तिथे रफारावर भागतं.

आणि युनिकोडकडे याला दोन रस्ते आहेत. एक, ०९३१ क्रमांकाचा नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त लावायचा. तो ऱ मुळात दक्षिणेकडच्या भाषांतला एक उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी आहे. दुसरा जुना रस्ता, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्हींतून पडद्यावर तीच पापणी उमटते, आणि ही दोन्ही एकच समजावीत असा नियम युनिकोडमध्ये नाही. नुक्ता वेगळा टंकलेला र आणि एकसंध ऱ एकच, असा नियम आहे. पापणीसाठी नाही. ॲसिडच्या दोन अ साठीही नाही. मराठीच्या वाट्याला हे का आलं याचं मला वाईट वाटतं. काही शोधयंत्रं समजूतदारपणे दोन्ही धरतात, पण तुमच्या छोट्या प्रोग्रामकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

उभी_रेघ | मंगळवार, रात्री १०.००

म्हणजे तत्त्व सगळीकडे सारखं पाळलेलं नाही.

अवग्रह | मंगळवार, रात्री १०.२५

नाही पाळलेलं, आणि ते लपवलेलंही नाही. आधीच्या मानकांत जे वेगळं होतं ते वेगळं ठेवायचं, म्हणजे जुना मजकूर नव्यात आणून परत जुन्यात नेता यावा, अशी अट होती. त्यामुळे ग्रीक सिग्माची शब्दाच्या शेवटी येणारी आकृती वेगळ्या क्रमांकाची, जरी ती अरबीसारखी फॉन्टवर सोडता आली असती. विजेच्या रोधाचं ओहम चिन्ह आणि ग्रीक ओमेगा, दोन क्रमांक. रोमन एफ आणि आय चा जोड, जो निव्वळ छपाईची सोय होता, त्यालाही एक क्रमांक.

उलट चीन, जपान, कोरिया यांची सामाईक चित्राक्षरं मोठ्या प्रमाणात एक केली. 'हाड' या अर्थाचं एक अक्षर आहे. त्याच्या वरच्या भागातला छोटा कोपरा चीनच्या मुख्यभूमीच्या छपाईत एका बाजूला आणि जपानच्या छपाईत दुसऱ्या बाजूला. क्रमांक एक. आपल्या ल सारखीच परिस्थिती, आणि तिथल्या वाचकांनाही परक्या वळणाचं अक्षर खुपतं. ते खुपणं मी हलकं मानत नाही.

जुळारी | बुधवार, सकाळी ६.४५

ख चं कुणी काढलं नाही म्हणून सांगतो. पूर्वीच्या ख चे दोन भाग सुटे असत, र आणि व शेजारी ठेवल्यासारखे. 'रवाना' आणि 'खाना' यांत घोटाळा होई. पुढे ख च्या पायाची शेपटी व ला जोडून टाकली आणि गोंधळ मिटला. अक्षराला कुणी हात लावला नाही, आकार मात्र अक्षराचं रक्षण करण्यासाठी बदलला. म्हणून आकाराची हेळसांड करू नका. वाचणाऱ्यापर्यंत अक्षर पोचवायला दुसरी वाट नाही.

काना_मात्रा | बुधवार, सकाळी १०.३०

खिळ्यांच्या आणि युनिकोडच्या मधली पिढी माझी, तिचंही लिहून ठेवते. आम्ही ज्या फॉन्टांवर काम केलं त्यांत आकृतीलाच अक्षर मानलं होतं. रोमन अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन तिथे मराठी तुकडे बसवलेले. मी वापरायचे त्या फॉन्टात ध, भ, श असली अक्षरं अर्धा तुकडा आणि पुढे काना अशी जोडून करायची. तो काना आणि 'का' मधला काना एकच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, कारण ती आधी दिसते. कागदावर सगळं सुरेख यायचं.

मग एके दिवशी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली. पानभर रोमन अक्षरं आणि आकडे, मराठीचा मागमूस नाही. आकार गेल्यावर खाली काही उरलंच नव्हतं. माझं तीन वर्षांचं काम असं पडलेलं होतं, आणि ते परत आणताना एकेका तुकड्याला 'तू मुळात कोण' असं विचारत बसावं लागलं. प्रत्येक कान्यापाशी थांबून, हा ध चा की आ चा, हे ठरवलं.

पीडीएफमधून मराठी उचलताना आजही हेच होतं. पीडीएफच्या पानावर आकृत्या आणि त्यांच्या जागा असतात. कुठली आकृती कुठल्या अक्षरांची हा तक्ता सोबत नीट दिलेला नसेल तर 'निर्णय' उचलला की रफार भलत्या अक्षरावर आणि वेलांटी गायब.

वेलांटी | शुक्रवार, रात्री ८.५०

मंडळी, काम कुठवर आलं ते सांगते.

कोलन सरसकट बदलायला गेले आणि पहिल्याच फेरीत 'प्र:' चं 'प्रः' झालं. प्रश्नोत्तरांच्या भागात तो खरा अपूर्णविराम होता. मग दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल तिथेच बदल केला आणि उरलेले एकेक पाहिले. 'ॲ' सगळीकडे एकसंध केला आणि क्रम लावताना तो अ च्या शेजारी येईल अशी सोय केली. 'अितिहास' उताऱ्यात जसाच्या तसा ठेवला, सूचीत मात्र 'इतिहास' खाली पृष्ठांक दिला. मोडीवाचक, हा निर्णय तुमच्यामुळे.

पापणीचा र सगळीकडे ०९३१ चा केला. ते करताना एक वाक्य अडलं: 'सकाळीच आचार्यांना निरोप धाडला.' चौथ्या टंकणाऱ्याच्या फायलीत रफार आहे. त्याच्याच इतर पानांवर 'दऱ्या' च्या जागी 'दर्या' झालेलं सापडलं, म्हणजे त्याला पापणी टंकता येत नव्हती. मग इथे गुरुजी आहेत की स्वयंपाकी? मागचापुढचा मजकूर दोन्ही अर्थांना चालतो. मूळ हस्तलिखित मागवलं. तिथे र य च्या डोक्याशी असा काही ओढलाय की रफारही वाटतो आणि पापणीही.

शेवटी लेखिकाबाईंना फोन केला. वाक्य वाचून दाखवायला लागले तर त्या म्हणाल्या, 'चा वर जोर देऊ नकोस.' आचाऱ्यांना.